बुंध्याकडची गाठ

“चपला काढा,” म्हातारी म्हणाली. “झाडावर चपला घालून कोणी चढत नाय.”

“मी चढणार नाही.”

“मग आलात कशाला?”

मला शशीनं ओढून आणलं होतं. शशी म्हणजे शशिकांत, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आणि धंद्यातला माझा उजवा हात. वैतरणेच्या काठी जांभळाची एक वाडी आहे, तिथे आपण आपल्या हातानं जांभळं तोडायची, हवी तेवढी खायची आणि टोपलीभर घरी आणायची, असं त्यानं कुठून तरी ऐकलं होतं. आठवडाभर त्यानं माझं डोकं खाल्लं. “दाजी, सोमवारच्या आत एकदा जाऊन येऊ,” असं म्हणायचा. सोमवारच्या आतच का, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून मी विचारलं नाही.

वाद नको म्हणून मी चपला काढून हातात घेतल्या. म्हातारीनं मान हलवली आणि बोट वर करून दुसरी सूचना दिली. “पावणे लोकांनी खालच्या दोनच मजल्यांवर जायचं. कच्चं तोडायचं नाय. आणि गाठींना हात लावायचा नाय.”

असल्या सूचना इतरांसाठी असतात अशी माझी त्या काळी समजूत होती.

मी परांची बांधणारा माणूस. विरारपासून भाईंदरपर्यंत ज्या इमारतींना रंग लागला, गळती निघाली, त्यांतल्या कितीतरी इमारतींना माझे बांबू टेकलेले आहेत. तेव्हा मला त्या धंद्यात बावीस वर्षं झाली होती. त्यात माझी एकही गाठ सुटली नव्हती, आणि हे मी चारचौघांत जरा जास्तच वेळा सांगायचो. मग आदल्या जूनमध्ये, पाऊस तोंडावर असताना, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आडवा बांबू एका टोकाला सुटला आणि शशी खाली आला. खाली वाळूचा ढीग होता म्हणून वाचला. मांडीत सळई बसली, डावा पाय आखूड झाला, हातात काठी आली.

मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. माझी बायको सुलभाही नाही, आणि ती तर त्याची सख्खी बहीण. पण मला कोणी बोलायची गरजच नव्हती. अकरा महिने मी शशीचे पाय चेपत होतो, त्याला आंघोळीला धरून नेत होतो, आणि घरच्या माळ्यावर चढायचं म्हटलं तरी भीतीनं सुलभाला चढवत होतो. शेवटी मी सगळे बांबू नार्वेकर कंत्राटदाराला द्यायचं ठरवलं. त्याचा टेम्पो सोमवारी येणार होता. पुढच्या महिन्यापासून एका सोसायटीच्या फाटकावर खुर्ची टाकून बसायचं, असंही ठरलं होतं. त्या दिवशी शनिवार होता.

वाडीची वाट बांधावरून गेली होती. म्हातारीचा पुतण्या जयेश पुढे चालत होता, मागे शशीची काठी वाजत होती. बांध संपला, आंब्याची दोन झाडं मागे पडली, आणि मी थांबलो.

समोर जांभळाचं झाड होतं, आणि त्या झाडाला परांची बांधलेली होती.

नुसत्या दोन शिड्या लावल्या नव्हत्या, पाचमजली इमारतीला बांधावी तशी अख्खी परांची होती. जमिनीत रोवलेले उभे बांबू, त्यांना आडवे बांबू, मजल्यावर मजला, आणि ती फांद्यांच्या मधून, पानांच्या आतून, झाडाच्या अंगानं वळत वर वर गेलेली. माझ्या परांच्या सरळ उभ्या भिंतीला टेकायच्या. ही मात्र जिथे फांदी बाहेर झुकली होती तिथे बाहेर झुकली होती, जिथे फांदी आत गेली तिथे आत. बांबू मापून कापलेले दिसत नव्हते, तरी एकही बांबू फांदीला घासत नव्हता. आत कुठेतरी, पार वर, बायका बोलत होत्या. पानांतून त्यांचा आवाज येत होता आणि त्या दिसत नव्हत्या.

“हे कोणी बांधलं?” मी विचारलं.

“बायजाकाकीनं,” जयेश म्हणाला, आणि त्यानं मागे मान वळवली. चपलांवरून मला झापणारी ती म्हातारी मागून येत होती. वय सत्तरीचं, नऊवारीचा काचा मारलेला, हातात कोयता. “आता ओझी आम्ही उचलतो. पण कुठला बांबू कुठे, ते तीच सांगते. बुंध्याकडच्या गाठी तर अजूनही तीच मारते.”

“खिळा?”

“झाडाला खिळा?” बायजाकाकीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा प्रश्न गिळला. मग ती शिडीनं सरसर वर गेली आणि पानांत दिसेनाशी झाली.

जयेश बोलका होता. झाड तिच्या आजेसासऱ्यानं लावलेलं. मार्चमध्ये झाड फुलतं तेव्हा त्याच्याखाली उभं राहिलं तर मधमाश्यांच्या आवाजानं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवसांत सकाळचं धुकं पडलं की निम्मा मोहोर काळा होऊन गळतो, आणि त्यावर काही इलाज नाही, फक्त सकाळी उठून आकाशाकडे बघायचं. धुक्यातून वाचलं ते फळ मे महिन्यात भरतं. पण एका घोसातली दहा जांभळं दहा दिवशी पिकतात.

“झाड हलवून पाडली तर?” शशीनं विचारलं.

“पिकलेलं जांभूळ खाली पडलं की फुटलं. बाजारात ते कोण घेणार? आणि हलवल्यावर कच्चीही पडतात, ती उद्याची फळं असतात. म्हणून एकेक जांभूळ हातानं काढायचं, देठासकट. त्याच्यावर ही पांढरट झाक आहे ना, तीसुद्धा पुसायची नाही. आज हे, परवा त्याच्या शेजारचं. तीन आठवडे आमच्या बायका या झाडावरच असतात.”

“आणि तीन आठवड्यांसाठी एवढी परांची?” मी म्हणालो.

“बांधायला आठ दिवस लागतात. पाऊस आला की सोडायची.”

मी वर पाहत राहिलो. माझ्या धंद्यात आम्ही सिमेंटसाठी, रंगासाठी परांची बांधतो. इथे एकेका फळापर्यंत माणसाचा हात नीट पोचावा म्हणून बांधली होती. आणि दरवर्षी सोडून दरवर्षी पुन्हा. बावीस वर्षांत कुणाच्याही कामासमोर मी असा मान वर करून उभा राहिलो नव्हतो.

शशी खालच्या फांदीपाशी स्टूल घेऊन बसला. हाताशी आलेल्या घोसातलं एकेक जांभूळ तो दोन बोटांत धरून हलकेच फिरवायचा आणि तोंडात टाकायचा. दोन मिनिटांत त्याची जीभ जांभळी झाली. बोरिवलीहून आलेलं एक कुटुंब पहिल्या मजल्यावर चढून फोटो काढत होतं. मी मात्र जांभळांकडे बघतच नव्हतो. मी गाठी बघत होतो.

काथ्याच्या दोरीच्या गाठी होत्या, आणि फार सुंदर होत्या. उभ्या-आडव्या बांबूंच्या गाठी अशा आवळलेल्या की नख शिरलं नसतं. पण परांची जिथे झाडाच्या बुंध्याला धरली होती तिथला फास सैल होता. मी हात घातला तर चांगली दोन बोटं आत गेली. मी पुन्हा घालून पाहिली, तेव्हाही गेली. म्हातारी कितीही झालं तरी सत्तरीची, मी मनात म्हटलं. हातातला जोर गेला असेल. आणि वर बायका चढल्यात.

मी आजूबाजूला पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. गाठ सोडली, दोरी ओढली, बुंध्याशी घट्ट आवळली आणि माझ्या पद्धतीची गाठ मारली. अकरा महिन्यांनी मारली, पण हात विसरला नव्हता.

त्याच्या वर, डोक्याच्या उंचीवर दुसरा फास होता. तोही सैल. तो बांधला. तिसऱ्यापर्यंत हात पोचेना म्हणून मी आडव्या बांबूवर पाय ठेवला. चौथा त्याच्या बराच वर होता. हात दोरीकडे जात होते, पाय हातांच्या मागून येत होते, आणि मी तोंडानं स्वतःशीच पुटपुटत होतो, जसा कामावर पुटपुटतो तसा. चौथी गाठ मारली, दोरीचं टोक आत खोचलं, आणि कौतुकानं दोन पावलं मागं सरकून बघायला गेलो.

मागं सरकायला जागाच नव्हती. मी वीसेक फुटांवर होतो.

खाली शशीचं डोकं दिसलं. स्टूल दिसलं. माझ्या चपला दिसल्या, बुंध्यापाशी शेजारी शेजारी ठेवलेल्या. मी उभ्या बांबूला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोळे मिटले.

त्याच वेळी नदीकडून वारा आला. मेअखेरीचा वारा, पावसाची वर्दी देणारा. वर पानं सळसळली, झाड हललं. आणि परांचीतून एक आवाज आला, कर्रर्र, लांबट, ताणलेला. बांबू फाटण्याआधी असाच आवाज करतो. तो मी ओळखतो.

“खाली कोणी गाठ आवळली?”

बायजाकाकीचा आवाज पार शेंड्याकडून आला. ती माझ्या वर निदान तीस फूट होती. मध्ये पानांचं एवढं रान, तिला मी दिसणं शक्यच नव्हतं.

मी बांबू आणखी घट्ट धरला.

“माझ्या तळव्यांना कळलं,” ती ओरडली. “बुंध्याकडच्या चारी आवळल्यात. कोणी?”

तिच्या पायाखालच्या बांबूनं तिला सांगितलं होतं, चारी. माझी भीती एक क्षण बाजूला राहिली आणि मी नुसता त्या पायांचा विचार करत राहिलो.

“मी,” मी म्हणालो. “सैल होत्या.”

“सैल ठेवल्यात मी! झाड हलतं, बाबा. शहरातल्या बिल्डिंगीसारखं ते एका जागी उभं राहत नाय. त्याला हलायला दोन बोटं जागा ठेवायची. आवळलं की ते परांचीला ओढतं, आणि परांची आमाला.” मग बायकांना म्हणाली, “कोणी हलू नका गं. फांदीला धरून उभ्या राहा.” आणि पुन्हा मला, “सोड. वरची पहिली.”

“मला येत नाही,” मी म्हणालो. “मला... हात सुटत नाहीत.”

खाली स्टूल पडल्याचा आवाज झाला. शशी उठला होता. “दाजी, तुम्ही थांबा! मी येतो, मी सोडतो!” काठी टाकून त्यानं शिडीला हात घातला.

“ए! हात लावू नको!” म्हातारी इतक्या जोरात ओरडली की बोरिवलीचं कुटुंबसुद्धा जागच्या जागी थिजलं. “ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडायची. या झाडावर दुसऱ्याच्या गाठीला कोणी हात लावत नाय. मीपण लावणार नाय. दुसऱ्याची गाठ सोडली की वरच्याला कळत नाय पायाखाली काय सुटलंय, आणि माणूस जातो!”

शशीचे हात शिडीवरून खाली आले. मी डोळे उघडले होते, म्हणून मला तो दिसला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्या पांढऱ्या चेहऱ्यात ओठ तेवढे जांभळे. तो तिथेच, जमिनीवर, बसला.

“बाबा,” म्हातारीचा आवाज आता खाली आला होता, लहान मुलाला जेवू घालताना येतो तसा. “वारा थांबायचा नाय. वर पाच बायका हायत. तुझी गाठ हाय, तुझ्या हाताला ठाऊक हाय. खाली बगू नको. दोरी बग.”

मी दोरी पाहिली. उजवा हात बांबूवरून सोडवायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. पण हात दोरीला लागला आणि मग तो माझा राहिला नाही, तो बावीस वर्षांचा हात झाला. खोचलेलं टोक निघालं. गाठ सुटली. फास सैल केला, आत दोन बोटं घातली आणि पुन्हा बांधला. वारा आला, आणि माझ्या बोटांना पहिल्यांदा कळलं, एवढं मोठं झाड, दोन माणसांच्या कवेत न मावणारं, ते खरंच हलत होतं. श्वास घेतल्यासारखं बोटांवर येत होतं आणि मागं जात होतं.

एकेक करत मी चारी गाठी सैल केल्या. शेवटची सुटली तसा तो कर्रर्र आवाज थांबला. अख्खी परांची झाडाच्या मागोमाग हलली आणि परत आली, मऊ, काही न बोलता.

मी जमिनीवर उतरलो होतो. चपला समोर होत्या. आणि वरून म्हातारी म्हणाली, “आता वर ये. काय केलं होतंस ते बगून जा.”

मी गेलो. आजही मला नवल वाटतं, पण मी गेलो. पहिला मजला, दुसरा, तिसरा. पानं अंगाला लागत होती, घोस गालांना लागत होते. तिसऱ्या मजल्यावर बायकांनी वाट दिली, कमरेच्या झोळ्या आवरून. एक हसून म्हणाली, “हाच का तो?” शेंड्यापाशी बायजाकाकी एका बांबूवर उभी होती, कशालाही न धरता, झाडाबरोबर डुलत. तिनं माझ्यासाठी जागा केली.

डोकं पानांच्या वर निघालं. खाली वैतरणा वळण घेऊन गेली होती. आणि आजूबाजूला, काठाकाठानं, जिथे नजर जाईल तिथे जांभळाची झाडं, प्रत्येक झाडाच्या अंगावर बांबू, प्रत्येक झाडात माणसं, सगळीच वाऱ्याबरोबर एका बाजूला झुकत होती आणि परत येत होती. माझ्या पायाखाली पन्नास फूट होते आणि तेही हलत होते. मला भीती वाटत होती. पण ती पूर्वीची भीती नव्हती. त्या भीतीत मी उभा राहू शकत होतो.

बायजाकाकीनं एक जांभूळ तोडून माझ्या हातावर ठेवलं. “खा. शेंड्याचं हाय. उन्हातलं.”

मी खाल्लं. बी बराच वेळ तोंडात ठेवली.

खाली आलो तेव्हा शशी बुंध्याला टेकून तसाच बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. वर चढून आलो म्हणून तो काहीतरी चेष्टा करील असं मला वाटलं. पण तो जमिनीकडे बघत म्हणाला, “दाजी, त्या दिवशी तुमची गाठ सुटली नव्हती.”

“काय?”

“मी सोडली होती. पाण्याचा पिंप वर घ्यायचा होता, तो आडवा बांबू मध्ये येत होता. म्हटलं पिंप घेऊ, चहा पिऊन येऊ, मग बांधू. चहा पिऊन आलो आणि विसरलो. सरळ त्याच्यावरच पाय दिला.”

वर बायका पुन्हा बोलायला लागल्या होत्या.

“दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा तुम्ही रडत होतात, ‘माझी गाठ सुटली’ असं म्हणत. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मग रोज जड होत गेलं. तुम्ही माझे पाय चेपायला बसलात की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हटलं तुम्हाला कुठेतरी नेऊ, सोमवारच्या आत सांगू. इथे आणलं, तरी तोंड उघडेना. मग ती म्हातारी ओरडली.”

मला त्याची मानगूट धरावीशी वाटली. हे मी लपवत नाही. अकरा महिने! मी उठलो, झाडाला एक फेरी मारली, परत आलो. शशी मार खायच्या तयारीनं बसला होता. आणि माझ्या तोंडून भलताच प्रश्न बाहेर पडला.

“म्हणजे माझी गाठ टिकली होती?”

शशीनं वर पाहिलं. “टिकली होती? दाजी, सोडायला मला पंधरा मिनिटं लागली. शेवटी दातांनी ओढली.”

मी हसलो की रडलो ते शशीला विचारा, तो दोन्ही सांगतो.

एस.टी.ची वाट पाहत आम्ही नाक्यावर उभे होतो, मधे जांभळांची टोपली. एस.टी. वळणावर दिसली तेव्हा मी म्हणालो, “सोमवारी टेम्पोवाल्याला तू सांगायचंस. माल द्यायचा नाही म्हणून. आणि का नाही, तेही सांगायचं. ताईसमोर. मोठ्यानं.”

“ताईसमोर?” त्याचा आवाज चिरकला.

“मोठ्यानं,” मी म्हणालो.

सोमवारी सकाळी टेम्पो दारात उभा असताना शशीनं काठीवर रेलून सगळं सांगितलं. सुलभानं ऐकून घेतलं आणि आत गेली. दोन दिवस तिनं त्याला ताट वाढलं नाही, पातेलं समोर आदळायची. तिसऱ्या दिवशी वाढलं. टेम्पोवाला रिकामा परत गेला, तोंडानं शिव्या देत आणि हातात मी दिलेली ओंजळभर जांभळं घेऊन.

माझ्या कामावर तेव्हापासून ज्याची गाठ त्यानंच सोडायची. नवी पोरं हसतात. शशी खाली खुर्ची टाकून बसतो आणि हसणाऱ्याला आपला आखूड पाय दाखवतो.

पुढच्या एप्रिलमध्ये जयेशचा फोन आला. बायजाकाकीचे हात आता दुखतात, बुंध्याकडच्या गाठींना माणूस हवाय, आणि तिनं माझंच नाव सांगितलंय. मागून तिचाच आवाज आला, “त्याला सांग, बांधायला येशील तर पावसाआधी सोडायलापण तुलाच यावं लागेल.”

त्या वर्षी मी दोन्ही वेळा गेलो. अकरा वर्षं जातोय. मी फास घालतो, आत दोन बोटं सरकवतो, आणि बायजाकाकी, आता काठी टेकत, बुंध्याला तळहात लावून उभी राहते. वारा येईपर्यंत ती काही बोलत नाही, आणि ती बोलेपर्यंत मी वर चढत नाही.